अस्ति, सन्ति आणि फ्रेंच क्रियापदे

उज्जैनचे महाकाल मंदिर आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरचे धार, या दोन्ही ठिकाणी परमार राजांच्या काळातले काही विलक्षण शिलालेख आहेत. त्यांना सर्पबंध म्हणतात. वेटोळी घालून गुंतलेला नाग कोरलेला, आणि त्याच्या अंगावर ओळीने बसवलेली अक्षरे. उज्जैनच्या लेखात राजा उदयादित्याचे नाव येते आणि वर्णमाला मांडलेली दिसते. धारला असे दोन नाग आहेत. एकावर वर्णमाला आणि नामांचे प्रत्यय, दुसऱ्यावर क्रियापदांचे प्रत्यय, तेही संस्कृतातल्या दहाही काळ-अर्थांचे. धार संस्थानात शिक्षण खाते सांभाळणारे काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ च्या सुमारास तिथल्या लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. देवांची स्तुती, दानपत्रे, लढाया जिंकल्याच्या बढाया दगडावर सगळीकडेच सापडतात. क्रियापद चालवायचा तक्ता दगडात कोरून ठेवावा असे वाटणारा मुलूख विरळा.

मागच्या प्रकरणात आपण फ्रेंचचे उच्चार पाहिले. आता क्रियापदे. इथेच बहुतेकांची फ्रेंच सुटते.

उज्जैनमध्ये आज फ्रेंच शिकणारे आहेत, आणि त्यांची कारणे रोखठोक आहेत. कुणाला कॅनडाला जायचे असते. तिथल्या स्थलांतराच्या गुणांत फ्रेंच येत असेल तर भर पडते. कुणाला डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा द्यायची असते. कुणी भोपाळच्या आलियाँस फ्रांसेझच्या वर्गांना नाव घालतो, कुणी घरी मोबाइलवर शिकतो. महाराजवाड्याच्या आसपास वाढलेला मराठी मुलगा घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि माळवी, शाळेत थोडेफार संस्कृत घेऊन मोठा होतो. एवढी शिदोरी जवळ असताना तो फ्रेंच शिकतो मात्र इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, शिक्षकाचे स्पष्टीकरणही इंग्रजी. इंग्रजीत क्रियापदाला पुरुषाप्रमाणे प्रत्यय जवळजवळ लागतच नाहीत, त्यामुळे इंग्रजी पुस्तक फ्रेंच प्रत्ययांकडे संकट म्हणून पाहते. ते संकट इंग्रजांचे आहे. मी जातो, तू जातोस, तुम्ही जाता, ते जातात असे दिवसभर बोलणाऱ्याने ते अंगावर ओढून घ्यायचे कारण नाही.

मराठी आणि फ्रेंच यांची माळव्यात गाठ पडली ती काही वर्गात नव्हे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये शाँबेरीच्या बन्वा द बॉइन्यला नोकरीत घेतले आणि त्याच्याकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. तो गेल्यावर त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच सेनानी आला. दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे मुक्काम हलवेपर्यंत उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. म्हणजे पगार मराठी दौलतीचा आणि हुकूम देणारे साहेब फ्रेंच बोलणारे, असे दृश्य इथे होतेच. भाषेच्या अंगाने त्यातून फारसे काही हाती लागले नाही. खरा संबंध जुळला तो पॅरिसमध्ये, आणि नेमका क्रियापदावरून.

फ्रान्झ बॉप हा जर्मन तरुण १८१२ मध्ये संस्कृत शिकायला पॅरिसला आला. त्याच पॅरिसमध्ये आंत्वान लेओनार द शेझी हस्तलिखितांवरून, गुरूशिवाय संस्कृत शिकला होता. १८१४ मध्ये कोलेज द फ्रांसमध्ये संस्कृतचे अध्यासन निघाले ते त्याला मिळाले, आणि १८३० मध्ये त्याने कालिदासाच्या शाकुंतलाचा फ्रेंच अनुवाद मूळ संहितेसह छापला. बॉपने १८१६ मध्ये फ्रँकफुर्टहून एक पुस्तक काढले. त्याचा विषय होता संस्कृतातली क्रियापदे चालवण्याची पद्धत आणि तिची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन भाषांशी तुलना. शब्द एका भाषेतून दुसरीत उसने जातात, पण क्रियापदाचे प्रत्यय कुणी उसने घेत नाही. ते जुळले तर घराणे एकच. तौलनिक भाषाशास्त्राची सुरुवात या पुस्तकापासून मानतात. म्हणजे आपण ज्याला घोकंपट्टी म्हणून कंटाळतो त्या तक्त्यांवरच एक शास्त्र उभे राहिले.

तो तक्ता जवळून पाहू. फ्रेंचमध्ये ‘असणे’ म्हणजे एत्र. हे क्रियापद सगळ्यात अनियमित म्हणून पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या डोक्यावर आदळते. आठवीतल्या संस्कृतच्या पुस्तकातला अस् धातू शेजारी ठेवा. अस्मि, मी आहे: ज स्वी. असि: त्यू ए. अस्ति: इल ए. स्मः: नू सॉम. स्थ: वू एत. सन्ति: इल सों. स्वी आणि सॉम यांच्या आरंभी स आहे. एकवचनातल्या तिसऱ्या पुरुषाचा उच्चार नुसता ए असला, तरी लिहिताना ते ई, एस, टी असे तीन अक्षरांत लिहितात. त्यातले एस आणि टी म्हणजे अस्तिमधले स्त्. सों लिहिताना शेवटी एन आणि टी येतात, आणि तेच सन्तिमधले न्त् आहेत.

फ्रेंच माणूस ती अक्षरे उच्चारत नाही, मग लिहितो कशाला, असे आपल्याला वाटते. पण ती मेलेली नाहीत, निजलेली आहेत. ‘तो आहे का?’ असे विचारायचे तर शब्दांची उलटापालट होते आणि उच्चार होतो ए-तिल. ‘ते आहेत का?’ म्हणजे सों-तिल. पुढे स्वर आला की त जागा होतो. नियमित क्रियापदांतही हाच प्रकार. ‘ते बोलतात’ हे इल पार्ल् असे ऐकू येते, पण लिहिताना शेवटी ई, एन, टी असतात. ते तीन मुके वर्ण म्हणजे पठन्ति, वदन्ति, गच्छन्ति यांतला न्ति. नवशिके ते लिहायला विसरतात म्हणून परीक्षेत गुण जातात. ज्याने पठति, पठतः, पठन्ति एकदा घोकले आहे त्याने विसरायला नको.

आता कानाचा हिशेब. पार्ले म्हणजे बोलणे. (पार्ले म्हटले की आपल्याला बिस्किटाचा पुडा आठवतो, आणि आठवला तर बरेच, शब्द विसरणार नाही.) कागदावर त्याची वर्तमानकाळात पाच वेगळी रूपे आहेत. कानाला मात्र मी, तू, तो आणि ते या चारही कर्त्यांसाठी एकच उच्चार: पार्ल्. वेगळे ऐकू येतात ते नू पार्लों आणि वू पार्ले. त्यातही रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक नू टाळतात आणि ओं वापरतात. हा ओं म्हणजे आपला ‘आपण’ समजा. आपण बोलू, आपण जाऊ, आपल्याकडे असे करतात, हे सगळे त्यात येते, आणि क्रियापद लागते तृतीयपुरुषी एकवचनी: ओं पार्ल्. म्हणजे बोलण्यापुरत्या दोनच गोष्टी उरल्या, पार्ल् आणि पार्ले. सहा खणांचा तक्ता भिंतीवर लावून घाबरून जाण्यात अर्थ नाही. तो लिहिण्यासाठी आहे.

पण याची एक किंमत मोजावी लागते. मराठीत ‘जातोस का?’ एवढ्यावर भागते, कारण तू कोण ते प्रत्ययच सांगतो. फ्रेंचचे प्रत्यय मुके झाले, त्यामुळे कोण बोलतो हे सांगायची सगळी जबाबदारी सर्वनामावर आली. ज, त्यू, इल हे गाळायचे नाहीत. मराठी माणसाची ही चूक ठरलेली. त्यू आणि वू मधला फरक मात्र शिकवावा लागत नाही; तू आणि तुम्ही हेच ते. सासऱ्यांना जे म्हणाल ते वू.

बेशेरेल नावाचे क्रियापदांचे पुस्तक फ्रान्समध्ये घरोघरी असते. त्यात सुमारे बारा हजार क्रियापदे आहेत. आकडा ऐकून दचकू नका. दहातली नऊ पार्लेसारखीच चालतात, आणि भाषेत नवे क्रियापद आले की तेही याच गटात जाते. तिसऱ्या, बेशिस्त गटात तीन-चारशेच आहेत. पण जिभेवर सतत लागणारी तीच. असणे, करणे, जाणे, येणे, म्हणणे, पाहणे, घेणे. वापरून वापरून झिजलेली. मराठीत वेगळे काय आहे? आपण जातो म्हणतो पण जाला म्हणत नाही, गेला म्हणतो. येतो, पण आला. करतो, पण केला. परका माणूस मराठी शिकताना इथेच अडखळतो. फ्रेंचमध्ये जाण्याचे क्रियापद आले असे आहे (हो, आले म्हणजे जाणे, पहिले आठ दिवस हसू येते). वर्तमानात ज व्हे, भविष्यात जीरे. हे जीरे ज्या लॅटिन धातूवरून आले तो म्हणजे संस्कृतातला इ, एति. एकाच क्रियापदात वेगवेगळे धातू नांदतात, आपल्या जाण्यासारखेच.

खरी कसोटी भूतकाळाची. बोलण्यात दोन भूतकाळ लागतात, पासे कांपोझे आणि अँपार्फे. इंग्रजी पुस्तके यांच्यातला फरक समजावण्यात पाने खर्ची घालतात. मराठी वाचकाला दोन ओळी पुरतात. ‘गेलो’ म्हणजे पासे कांपोझे. ‘जात होतो’ आणि ‘जायचो’ म्हणजे अँपार्फे. उज्जैनच्या रामघाटावरची एखादी संध्याकाळ सांगून पाहा. पाऊस पडत होता, इल प्लव्है. आपण आरतीची वाट पाहत होतो, ओं आतांदै लारती. आणि शंख वाजला, ला काँक आ सोने. पडदा आधीच लागलेला, नट नंतर आत आला. ‘लहानपणी आम्ही दर संध्याकाळी घाटावर जायचो’ हेही अँपार्फेच, ओं आलै. मराठीत पडत होता आणि पडायचा अशी दोन रूपे आहेत, फ्रेंचमध्ये दोन्हींना मिळून एक. म्हणजे इथे आपल्याला काही मिळवायचे नाही, उलट एक रूप टाकायचे आहे.

पासे कांपोझेमध्ये साहाय्यक क्रियापद लागते. बहुतेकांना आव्वार, म्हणजे ‘जवळ असणे’. काही थोड्यांना एत्र, म्हणजे ‘असणे’. कुणाला कोणते, याच्या याद्या पाठ करून घेतात. आपल्याकडे याची किल्ली तयार आहे. तो गेला, ती गेली: इथे क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. त्याने चिठ्ठी लिहिली, त्याने कागद लिहिला: इथे कर्ता ‘ने’ लावून बाजूला बसतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. शाळेत याला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणून कंटाळत शिकलो, तेच इथे उपयोगी पडते. जाणे, येणे, निघणे, पोचणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे या पंधराएक अकर्मकांना एत्र लागते आणि लिंगवचन कर्त्याचे. तो मेला, इल ए मॉर. ती मेली, एल ए मॉर्त. मी चढलो, ज स्वी माँते. पण मी पेटी वर चढवली म्हटले की कर्म आले आणि साहाय्यक बदलले: जे माँते ला व्हालीझ. मराठीत चढणे आणि चढवणे असे वेगळे होतात, फ्रेंचमध्ये नुसते साहाय्यक बदलते.

ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. झोपणे, चालणे, हसणे हीही अकर्मकेच, पण त्यांना आव्वार लागते. राहणे सोडले तर, एक जागा सोडून दुसरीकडे जाणे किंवा एका अवस्थेतून दुसरीत जाणे असेल तरच एत्र. शिवाय आपण आपल्यालाच उठवणे, धुणे अशा आत्मवाचक क्रियापदांनाही एत्रच लागते.

आव्वारच्या बाबतीतही कर्म अधूनमधून डोके वर काढते. ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणजे जे एक्री युन लेत्र. इथे एक्री आहे तसाच राहतो. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना कर्म आधी येते आणि उच्चार बदलतो: ला लेत्र क जे एक्रीत. हा नियम खुद्द फ्रेंच मुलांनाही छळतो. त्याचे मूळ पाहिले की तो आपला वाटू लागतो. लॅटिनमध्ये ‘माझ्याजवळ चिठ्ठी लिहिलेली आहे’ अशी रचना होती. तीत लिहिलेली हे चिठ्ठीचे विशेषण. संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’, आणि त्यातूनच आपले ‘मी पत्र लिहिले’. दोन्ही भाषांनी विशेषणातूनच भूतकाळ घडवला. आपण कर्माशी इमान पुरते राखले, फ्रेंचने अर्धे सोडले. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने हा नियम पद्यात बांधून दिला आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांच्या मानगुटीवर बसला आहे.

भविष्यकाळ सोपा आहे, म्हणून थोडक्यात. मूळ क्रियापद घ्या आणि त्याला आव्वारचा वर्तमानकाळ चिकटवा. ए, आ, आ, ओं, ए, ओं. पार्लरे, पार्लरा, पार्लरा, पार्लरों, पार्लरे, पार्लरों. ‘मला बोलायचे आहे’ यातून ‘मी बोलेन’ तयार झाले. उज्जैनच्या रस्त्यावर ऐकू येणाऱ्या जाएगा, करेगा यांतला गा हाही मुळात ‘गत’ या वेगळ्या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. बोलण्यात तर याहून सोपी सोय आहे. ज व्हे पार्ले, म्हणजे हिंदीतल्या ‘बोलने जा रहा हूँ’ सारखे. पहिल्या परीक्षेपुरते तेवढे पुरे. स्युब्जांक्तिफचे नाव ऐकून लोक उगाच धास्तावतात. त्याने यावे, तू जावेस, असे व्हावे, हा आपला विध्यर्थच तो. ‘हवे की’, ‘इच्छा आहे की’ यांच्या मागोमाग येतो. तो दुसऱ्या वर्षी पाहिला तरी चालतो.

काळांना नावे देण्याच्या बाबतीत एक गंमत सांगायला हवी. ‘कथासरित्सागरा’त प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाची गोष्ट आहे. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला संधी फोडता न आल्याने त्याने मोदक मागवले. लाजून त्याने व्याकरण शिकायचे ठरवले. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, बारा वर्षांचे काम मी सहा वर्षांत करतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. त्याने त्यासाठी जे सुटसुटीत व्याकरण रचले ते कातंत्र, अशी परंपरा आहे. प्रौढ वयात, पहिल्या पायरीवरून शिकणाऱ्यासाठी लिहिलेले पुस्तक. त्यात भूतकाळांची नावे आहेत अद्यतनी, ह्यस्तनी आणि परोक्षा: आजचा, कालचा, डोळ्याआडचा. आता १६६० साली पॅरिसजवळच्या पोर-रोयाल मठाच्या पंडितांनी लिहिलेले व्याकरण पाहा. ते सांगते की आज घडलेल्या गोष्टीला पासे कांपोझे वापरा. गोष्ट किमान एक दिवस मागची असेल तर पासे सँप्ल, हा तिसरा भूतकाळ. आज आणि काल यांच्यात रेघ ओढण्याची कल्पना दोन्हीकडे तीच. पुढे फ्रेंच बोलण्यातून ती रेघ पुसली गेली, जसा संस्कृतातही हा भेद मागे पडला.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत एत्र, आव्वार, आले आणि ‘करणे’चे फेर ही चार क्रियापदे आणि पार्लेचा नमुना, एवढेच. रोज पाच मराठी वाक्ये स्वतःच्या घरातली घ्या, त्यांतले क्रियापद ओळखा, गेलो की जायचो ते ठरवा आणि मगच फ्रेंचकडे वळा. इंग्रजीतून वळसा घेऊ नका. त्या वाटेवर हा फरक सांडतो. लिहिताना मुके प्रत्यय बोटाने दाखवत मोठ्याने म्हणा. बेशेरेल विकत घ्यायचे ते दुसऱ्या वर्षी, आणि तेही शोधायला, पाठ करायला नव्हे.

पासे सँप्ल बोलायला शिकूच नका. पॅरिसच्या बाजारात तो कुणी वापरत नाही. कादंबरी किंवा इतिहासाचे पुस्तक हाती घेतले की तो भेटेल, बहुतेकदा तिसऱ्या पुरुषात. इल फ्यू म्हणजे तो होता, तो झाला. हे रूप ज्या धातूवरून आले तो भू आहे, आणि लिहिताना त्याच्या शेवटी जो मुका टी असतो तो अभूत् मधल्या त् च्या जागी आहे. अभूत् येत असेल तर फ्यू वाचता येईल. पहिल्या कादंबरीसाठी त्याहून जास्त लागत नाही.